'हॉबनेल हनी' की 'लिपस्टिक सार्जंट'?

सोमवार, २ ऑक्टोबर २०२३

स्केगनेसजवळच्या हॉलिडे कॅम्पमधून फोन आला. ग्लेनिसने घेतला. हल्ली सगळे फोन बायकोच घेते, कारण फोनवरची माणसं तोंडात बटाटा धरल्यासारखी बोलायला लागली आहेत आणि मला त्यांच्याशी डोकेफोड करायची नसते. तर, २५ नोव्हेंबरच्या शनिवारी दुपारी त्यांच्याकडे १९७३ सालच्या गाण्यांचा जलसा आहे. चंदेरी कपडे, वीतभर टाचांचे बूट, गालांना चमकी, असे आम्ही नऊ जुने बँड. म्हणजे जे अजून उभे राहू शकतात ते. अट एकच आहे, प्रत्येक बँडने एकच गाणं वाजवायचं.

एकच! आमच्या सिल्व्हर व्हिपेट्सची उभ्या आयुष्यात गाजली दोन गाणी. त्यातलं एक निवडायचं म्हणजे आमचा गिटारवाला लायनल आणि मी पुन्हा एकमेकांच्या उरावर बसणार.

आणखी एक निरोप होता, तो ग्लेनिसने चहा ओतता ओतता सांगितला. कॅम्पचा स्वतःचा ड्रमर आहे, ज्या बँडला गरज पडेल त्यांच्यासाठी तो वाजवेल. मी म्हटलं, कळव त्यांना, व्हिपेट्सच्या ड्रममागे एक्कावन्न वर्षं हॉवर्ड हिंगली बसतो, याही वेळी तोच बसेल. लायनल नव्या वर्षात मुलीकडे कॅनडाला चाललाय, कायमचा. म्हणजे हे शेवटचंच. शेवटच्या वेळी माझ्या स्टुलावर दुसरं कोणी बसलेलं मला बघवणार नाही.

बुधवार, ४ ऑक्टोबर

कशात लक्ष लागत नाही. डोक्यात दोन्ही गाणी आलटून पालटून चालू आहेत. एकदाचं लिहून टाकतो.

'हॉबनेल हनी' मार्च त्र्याहत्तरचं. सुरुवातीला नुसते माझे ड्रम आणि माझे बूट. गिटार नाही, गाणं नाही, काही नाही. रेकॉर्डिंगला मी कारखान्यातले खिळ्यांचे बूट घालून लाकडी फळीवर नाचलो. फळी मधोमध मोडली, तो आवाज तसाच रेकॉर्डवर आहे. शब्द म्हणाल तर तीन ओळी, त्यातली एक नुसती 'ओय ओय ओय'. पण लोक खुर्चीत बसूच शकत नाहीत.

'लिपस्टिक सार्जंट' त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचं. ते लायनलचं बाळ. त्याची गिटारची सुरुवात मूळ ठोक्याच्या अर्धा ठोका आधीच निघते. ऐकणारा समजतो ठोका इथे आहे. मग ड्रम येतात, आणि कळतं की तो भलतीकडेच होता. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं वाटतं, पण हवंहवंसं. ड्रमरने मात्र फसायचं नसतं. ड्रमर फसला की गाणं स्वेटर उलटा घातल्यासारखं होतं आणि शेवटपर्यंत उलटंच राहतं.

हनी खपाच्या गाण्यांच्या यादीत चौथ्या नंबरापर्यंत गेलं. सार्जंटही चौथ्याच नंबरापर्यंत गेलं. एखादं पाचव्यावर अडकलं असतं तर आमची पन्नास वर्षांची भांडणं वाचली असती.

मी कायम हनीच्या बाजूने भांडत आलो. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो: सार्जंट जास्त चांगलं आहे. पहिल्यांदा ऐकलं त्याच दिवशी मला ते कळलं होतं. पण लायनलला हे सांगण्यापेक्षा मी जीभ छाटून देईन.

मंगळवार, १० ऑक्टोबर

बिल्स्टनच्या कामगार क्लबात, मागच्या खोलीत तालीम. लायनल गिटार आणि गाणं, मी ड्रम, तान्या बास. तान्याचा बाप बर्नार्ड आमचा मूळचा बासवाला. तो गेल्यापासून नऊ वर्षं तीच वाजवते. एरवी शाळेत भूगोल शिकवते, आणि खरं सांगायचं तर बापापेक्षा बरी वाजवते.

सार्जंट तीनदा वाजवलं, तिन्ही वेळा उलटं पडलं. क्लबवाल्यांनी नवा गालिचा टाकलाय, तो गिटारचा आवाज पिऊन टाकतो. तान्याने लायनलचा स्पीकर ओढत माझ्या कानाशी आणून ठेवला.

"आता येतंय ना, हॉवर्डकाका?"

"येतंय."

पुन्हा उलटं.

"म्हाताऱ्या," लायनल म्हणाला, "पन्नास वर्षं वाजवतोयस. आजच कसं शेण खाल्लंस?"

"तुझं गाणंच वाकडं आहे त्याला मी काय करू? आता हनी घे."

हनी पहिल्याच फटक्यात चोख. मी सुरू केलं, ते दोघं माझ्यामागून आले, खेळ खलास. मी म्हटलं, यातच काय ते समजून घ्या. मला वाटलं लायनल अंगावर येईल, पण तो गिटारची वायर गुंडाळत राहिला. नंतर तो आणि तान्या गाडीपाशी बराच वेळ बोलत उभे होते. कॅनडाचं काहीतरी असेल.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

दाराची बेल पुन्हा बिघडली. ही तिसरी बॅटरी. पोस्टमन चिठ्ठी टाकून गेलाय की दार उघडलं नाही. मी दारापासून दहा पावलांवर पेपर वाचत होतो! लोक बेल दाबायचे कष्टच घेत नाहीत.

कुंपणावरचा रॉबिन पक्षी दरवर्षी या दिवसांत गाऊन गाऊन डोकं उठवतो. यंदा आलाय, बसतो, छाती फुगवतो, चोच उघडतो, पण मुका. ग्लेनिसला म्हटलं, काहीतरी आजार आलेला दिसतो पक्ष्यांत. ती म्हणाली, "असेल." आणि उठून आत गेली.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

पबमध्ये खडाजंगी. कोपऱ्यातलं नेहमीचं टेबल, दोन ग्लास बिअर.

"सार्जंटमध्ये तिसऱ्या कडव्याला सूर वर चढतो," लायनल म्हणाला. "अंगावर काटा येतो माणसाच्या. तुझ्या हनीत काय वर चढतं? रक्तदाब."

"हनीवर लोक नाचले. सार्जंटवर लोकांनी हनुवटीला हात लावून विचार केला."

"विचार करण्यासारखं काहीतरी होतं म्हणून!"

"लायनल, तुझं गाणं दाढी करून आलेलं आहे. माझं कामावरून आलेलं आहे."

"म्हणूनच वास मारतं."

सगळा पब हसला. मी टेबलावर मूठ आपटली, दोन्ही ग्लास कलंडले. बारमागच्या बाईने फडकं माझ्या अंगावर फेकलं आणि म्हणाली, "पुसा. आणि ओरडू नका, मिस्टर हिंगली. तुमचा आवाज पार रस्त्यापलीकडे जातोय." मी तर साध्या आवाजात बोलत होतो.

शेवटी लायनल म्हणाला, "मी मरेपर्यंत सार्जंटच म्हणेन." मी म्हटलं, मग लवकर मर. अनेक महिन्यांत इतकी मजा आली नव्हती.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

जिंकलो!

लायनल सकाळीच घरी आला. टोपी हातात, ओल्या बुटांनी गालिच्यावर. बसलाही नाही.

"हनी वाजवू," म्हणाला.

"काय?"

"हनी. विचार केला मी. तेच जास्त चांगलं आहे. तूच बरोबर होतास."

हे त्याने अगदी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मी म्हटलं, ग्लेनिस, ऐकलंस? कॅलेंडरवर खूण कर! ग्लेनिस स्वयंपाकघरात होती. सकाळीच घासलेली शेगडी पुन्हा घासत होती.

पन्नास वर्षं. जिंकलो शेवटी.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

जिंकल्यासारखं का वाटत नाही?

लायनल ट्रँटरने आजवर एकही गोष्ट अशी सोडलेली नाही. बर्नार्डच्या अंत्ययात्रेत, शवपेटीमागून चालताना, त्याने मला सार्जंटच्या तिसऱ्या कडव्यावर व्याख्यान दिलं होतं. तो माणूस पाच दिवसांत फिरतो? काहीतरी शिजतंय. एक तर त्याचा घसा गेलाय आणि त्याला तीन ओळींचं गाणं हवंय. नाहीतर तो आजारी आहे. नाहीतर कॅम्पच्या त्या ड्रमरशी बोलणं झालंय, आणि हनी सोपं म्हणून ते त्याला देऊन मला प्रेक्षकांत बसवणार. हे तिसरं मनातून जात नाही. दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

तालीम. हनी चार वेळा. सगळं चोख, आणि सगळे लाडीगोडी लावणारे. "वा, हॉवर्डकाका!" "मस्त, हॉवर्ड!" लायनलने आयुष्यात मला मस्त म्हटलेलं नाही. शिवाय आज तो पूर्ण वेळ माझ्याकडे तोंड करून वाजवत होता, पाय जोरजोरात आपटत. मी म्हटलं, प्रेक्षक तिकडे असतात. म्हणाला, तुझं थोबाड शेवटचं बघून घेतोय.

त्याचा घसा उत्तम आहे. मग काय आहे?

सोमवार, ६ नोव्हेंबर

काल पाच नोव्हेंबर, दरवर्षीची फटाक्यांची रात्र. संध्याकाळी सहालाच मैदानावरची होळी पेटली आणि फटाके सुरू झाले. आम्ही मागच्या खिडकीतून बघत होतो. रंग छान होते, पण यंदा नगरपालिकेने भलताच फुसका माल आणलेला. वर जाऊन फुलतात आणि विझतात, मध्ये नुसतं दूर कुठेतरी गादी झटकल्यासारखं. मी ग्लेनिसला म्हणालो, आवाजावर बंदी आणलेली दिसते यांनी. बरं झालं, मेबलला त्रास नाही.

मेबल म्हणजे आमची कुत्री. वाटलं तिला एक बिस्किट द्यावं, म्हणून टेबलाखाली वाकलो. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, कान पाडून, आणि नखशिखांत थरथरत होती. तिच्या पाठीवर हात ठेवला. वर आकाशात एक हिरवा फुटला, आणि त्याच क्षणी ती माझ्या हाताखाली दचकली. मग लाल. पुन्हा दचकली. मग पांढरा.

मी तसाच वाकून राहिलो.

मग मी ग्लेनिसला विचारलं, "बेल चालू आहे का आपली?"

ती म्हणाली, चालू आहे.

"आणि रॉबिन?"

ती रडायला लागली. म्हणाली, तीन वर्षं झाली, हॉवर्ड. किती वेळा सांगितलं, तू म्हणायचास मी पुटपुटते. आजकाल ओठ बघून भागवतोस. लायनलला कधी कळलं, मी विचारलं. म्हणाली, त्या गालिच्याच्या दिवशी. त्याने तिला फोन केला होता. सार्जंटची सुरुवात गिटारची, ती मला ऐकूच येत नाही. हनीत सुरुवात माझी, बाकीचे माझ्यामागून येतात. म्हणून हनी.

म्हणजे मी भांडण जिंकलो नव्हतो.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

लायनलच्या घरी गेलो. अर्ध्या घराला खोकी. मी दारातूनच सुरुवात केली.

"तू गाण्याबद्दल खोटं बोललास."

त्याने हातातली चहाची किटली खाली ठेवली.

"बाकी कशाबद्दलही खोटं बोलला असतास तर चाललं असतं," मी म्हणालो. "माझ्या पहिल्या मैत्रिणीबद्दल खोटं बोललास, बर्नार्डचे शर्ट छान दिसतात असं खोटं बोललास. पण गाण्याबद्दल आपण कधी खोटं बोललो नाही. कीव आली तुला माझी?"

"मग काय करायला हवं होतं मी?" आता तोही ओरडत होता, आणि मला पहिल्यांदाच ते नीट ऐकू येत होतं. "कॅम्पच्या माणसाला बसवू तुझ्या जागी? कॅम्पच्या ऑफिसातल्या बाईने तिसऱ्यांदा विचारलंय! मी सांगितलं, हॉवर्ड नसेल तर व्हिपेट्स नाहीत. एक गाणं काय चीज आहे, लेका!"

"माझ्या तोंडावर सांग. कुठलं चांगलं?"

तो एका खोक्यावरची चिकटपट्टी दाबायला लागला.

"सांग!"

"सार्जंट," तो म्हणाला. "देवाशपथ सार्जंट."

"मलाही तेच वाटतं," मी म्हणालो. "त्र्याहत्तरपासून."

लायनल खोक्यावर बसला. खोक्यात काहीतरी काचेचं होतं, ते मोडलं. मग जे काही बोलला ते लिहिण्यासारखं नाही, पण त्याचा सारांश असा की पन्नास वर्षं कळ काढलीस, हरामखोरा, आणि मी कॅनडाला चाललो तेव्हा सांगतोस.

मी म्हटलं, मला सार्जंट वाजवायचंय. चुकलो तर चुकलो.

कानाच्या डॉक्टरची तारीख जानेवारीतली मिळाली आहे. तोवर असंच.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

तोड लायनलनेच काढली. बँडच्या आधी आम्ही दोघं डार्लस्टनला मोठ्या घणाच्या कारखान्यात होतो. तिथे कोणाला कोणाचंच काही ऐकू यायचं नाही. तो चिमट्यात तापलं लोखंड धरून बसायचा, मान हलवायचा, आणि मी वरून घण सोडायचो. मान हलली तरच. चार वर्षांत त्याच्या दहा बोटांतलं एकही गेलं नाही.

तर आता तो गिटार सुरू करतो, मी ऐकायचा प्रयत्नच करत नाही. तो मान हलवतो, मी काठी टाकतो. क्लबात पाच वेळा केलं, पाचही वेळा सरळ. तान्या नुसती नाचली. म्हणाली, तुम्ही दोघं म्हणजे भुताटकी आहात.

रविवार, २६ नोव्हेंबर

काल झालं. लिहायला बसलोय, पण काय झालं ते मला माहीत नाही.

सभागृह भरलेलं. चंदेरी विग, गुडघ्यांना पट्टे, काठ्या, दोन हजार तरी माणसं. आमचा नंबर सातवा. कॅम्पचा ड्रमर बाजूला उभा होता, सभ्य माणूस, त्याने माझं स्टूल धरून दिलं.

लायनलने आपली जुनी टोपी घातली होती. आरशांच्या तुकड्यांनी मढवलेली ती उंच टोपी, १९७३ ची. तालमीला आम्ही सगळे स्वेटरवर होतो. टोपीचा विचार एकाही गाढवाने केला नव्हता.

त्याने गिटार सुरू केलं, मी त्याच्या मानेवर डोळे लावले. त्याने मान हलवली आणि वरचे सगळे दिवे त्या टोपीतून थेट माझ्या डोळ्यांत आले. नुसता पांढरा उजेड. मला ना मान दिसली, ना हात. मी अंदाजाने काठी टाकली.

पुढची तीन मिनिटं मी वाजवलं. ऐकू आलं म्हणाल तर एक गडगड. लोक नाचत होते, लाकडी जमीन हलत होती, स्टुलातून माझ्या कंबरेपर्यंत यायचं ते, आणि ते माझ्या ठोक्यावर होतं. पण लोक काय, मी चुकलो तरी माझ्याच ठोक्यावर नाचणार. लायनल वळून हसला. तोही हसणारच.

खाली उतरल्यावर मी त्याचा दंड धरला. "बरोबर आलो का?"

"चोख."

तान्याला विचारलं. "चोख, काका." ग्लेनिसला विचारलं. तीही चोख म्हणाली. तिघांचा एकच शब्द. आता मला यांच्यापैकी कोणाचंच खरं वाटत नाही. घरी येईपर्यंत गाडीत कोणाशी बोललो नाही.

बुधवार, १० जानेवारी २०२४

काल दोन्ही कानांत यंत्रं बसवून आलो. फ्रिज इतका बडबड्या आहे हे माहीत नव्हतं. माझी पँट चालताना आवाज करते. ग्लेनिसचा आवाज म्हातारा झालाय. माझ्या डोक्यात अजून जुनाच होता. तिला ते सांगितलं नाही. दिवसभर तिच्या मागे मागे फिरत काहीबाही विचारत राहिलो, शेवटी तिने हाकललं.

कॅम्पने जलशाचं रेकॉर्डिंग पाठवलंय, सहा आठवडे ते पाकीट मी फोडलं नव्हतं. आज दुपारी फोडलं.

मी चुकलो होतो. अर्धा ठोका आधी, सरळ त्याच्या सापळ्यात, पहिल्या दिवसाच्या शिकाऊसारखा. गाणं उलटं पडलं. ते पडलेलं मला स्वच्छ ऐकू आलं.

आणि पहिली ओळ संपायच्या आत लायनलने गिटारचा अर्धा ठोका गिळला. धाडकन. पाठोपाठ तान्यानेही. स्वतःची ती सुरुवात, जिला त्याने पन्नास वर्षांत कोणाला बोट लावू दिलं नाही, ती त्याने दोन हजार माणसांसमोर मोडली आणि माझ्या ठोक्यावर येऊन उभा राहिला. तिथून शेवटपर्यंत आम्ही तिघं एकत्र आहोत. तिसऱ्या कडव्याला सूर चढतो तिथे माझ्या अंगावर काटा आला.

त्याला फोन केला. इथे चार, तिकडे सकाळ. तो गेल्या आठवड्यात कॅनडाला गेला. त्याच्यामागे पाणी उकळत होतं, तेही मला ऐकू येत होतं.

"तुझं गाणं तूच मोडलंस," मी म्हणालो.

किटली बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग म्हणाला, "ऐकलंस होय."

"का केलंस?"

"तू पुढे निघून गेला होतास. मी काय बरोबर वाजवत मागे एकटा उभा राहू?"

हे मला पहिल्याच खेपेला अगदी लख्ख ऐकू आलं. तरी मी म्हटलं, काय म्हणालास, लायनल, नीट कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं.